बीटोव्हेनची नववी सिंफनी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखांत समूहगायनाची महती कोणास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजनांनीं येथें केवढी जागृति झाली व ऑगस्ट १९४२ मध्यें चिमूर कसें पेटून उठलें, हें आमच्या वाचकांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेंच असेल. अनेक कंठ एकत्र आले म्हणजे काय घडतें, याचें एक दूरदेशचें उदाहरण आम्ही येथें देत आहों.

सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं रचिलेली, बहुधा चार खंडांची दीर्घ कृति. तींत पूर्वीं मनुष्याच्या कंठास सहसा स्थान नसे. लुडविग फान बीटोव्हेन (१७७०–१८२७) या जर्मन रचनाकारानें आपल्या नवव्या सिंफनींत तें दिलें. पहिले तीन खंड केवळ वाद्यांचे आहेत. चौथ्याच्या आरंभीं मागील तिन्ही खंडांतील स्वर एकामागून एक डोकावतात आणि जणूं नापसंत होऊन बाजूस सारिले जातात. मग खर्जाचीं तंतुवाद्यें एक चाल हळूच, कोणाची साथ न घेतां, वाजवूं लागतात. ही चाल बहुतेक लागोपाठच्या पांच स्वरांतच फिरते. नवशिक्या मुलासही ती पेटीवर काढितां यावी! एवढ्या भव्य मंदिराचा पाया इतका साधा असावा, याचेंच आम्हांस अधिक नवल वाटतें. हळूहळू इतर वाद्यें तींत मिळतात व अखेर चार गायक आणि मोठा गायकवृंद शिलर कवीची आनंदावरील कविता गाऊं लागतात. भजनांत आपण सर्व एकच स्वर धरितों. येथें स्त्रियांचे दोन व पुरुषांचे दोन, असे उंच-खालचे चार आवाज एकाच वेळीं निरनिराळे स्वर घेतात, तरी मेळ बिघडत नाहीं.

७ मे १८२४ रोजीं व्हिएन्ना येथें ही कृति प्रथम सादर झाली, तेव्हां बीटोव्हेन पुरता बहिरा झाला होता. टाळ्यांचा कडकडाट त्याच्या कानीं पडेना. गायिका कारोलिन उंगर हिनें त्याला श्रोत्यांकडे वळविलें, तेव्हां हलणारे हात त्याला दिसले.

जपानांत ती प्रथम संपूर्ण गाइली ती १९१८ सालीं बांदो छावणींतील जर्मन युद्धकैद्यांनीं. तेथें स्त्रिया नव्हत्या. त्यांचे भागही पुरुषांनींच गाइले.

त्याच जपानांत ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व त्सुनामीनें हाहाकार उडाला. त्या वेळीं झुबिन मेहता हे इटलीच्या एका वाद्यवृंदासह तेथें होते. मेहतांचा जन्म १९३६ सालीं मुंबईंत झाला. त्यांचे वडील मेहली मेहता यांनीं १९३५ मध्यें बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला होता. इटलीचा वृंद दौरा अर्धवट टाकून मायदेशीं गेला. मेहता मात्र पुनः टोकियोस आले आणि १० एप्रिल रोजीं तेथील एनएचके वाद्यवृंदाकडून त्यांनीं आपद्ग्रस्तांच्या साह्यार्थ हीच नववी सिंफनी वाजवून घेतली. आरंभीं मृतांसाठीं बाखची एक शांत रचना झाली; मग, जपानी गायकवृंदाच्या मुखानें, तें आनंदगान.