क्रीडोपचार आणि वर्गातील अबोल मूल

वर्गातील एखादे मूल महिनोन्‌महिने तोंड उघडीत नाही; दुसरे क्षुल्लक कारणावरून शेजाऱ्याला बोचकारते. कारण विचारता दोघेही मान खाली घालतात. भय, मत्सर, वियोग यांसाठी त्यांच्यापाशी शब्दच नसतात. खेळ मात्र असतो. खेळातून मन मोकळे करण्याच्या या मार्गालाच क्रीडोपचार म्हणतात.

लंडनमधील डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मुलांसाठी चिकित्सालय उघडले. तेथे पसरट तबकांत वाळू असे व जवळच चिमुकली माणसे, जनावरे, घरे, झाडे ठेवलेली असत. मुले वाळूत आपापले जग मांडीत. 'जग' हे नावही त्यांनीच दिलेले.

अशा वेळी मोठ्या माणसाने कसे वागावे, याचा विचार अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांच्या १९४७ सालच्या ग्रंथात आढळतो. त्यांनी सांगितलेल्या आठ तत्त्वांचा गाभा असा, की वाट मुलाने दाखवावी व मोठ्याने मागून चालावे. मूल बाहुलीला झोडपू लागले, तर उपदेश न करता 'फार राग आला आहे' एवढेच शांतपणे म्हणावे. रागाला नाव मिळाले, की हातातला राग हळूहळू शब्दांत उतरू लागतो. मर्यादा मात्र हवीच: बाहुलीला मारता येईल, सोबत्याला नाही. ही मर्यादा मुलाला जाचत नाही. आपल्या रागाने कोणाचा घात होणार नाही, या खात्रीने ते निर्धास्त होते. शिक्षकाला हे मौन अवघड जाते, कारण चूक दिसताच सुधारण्याचे वळण त्याच्या अंगी पडलेले असते.

शाळेत याकरिता खर्चिक साहित्य लागत नाही. चिंध्यांच्या बाहुल्या, ओली माती, भातुकलीची चार भांडी पुरेत. वेळ व जागा तेवढी ठरलेली असावी. भातुकलीत कोणी आई होते, कोणी पाहुणा. पाहुण्याला थांबावे लागते, आईला वाढावे लागते. अबोल मूल प्रथम कडेला बसून पाहील. त्याला ओढून आत आणू नये. पाणी आणून देण्याचे काम त्याने आपण होऊन पत्करले, तरी पुष्कळ झाले.

मातीचे घर मोडले म्हणून घरी भांडण आहे, असा तर्क करू नये. खेळात दिसलेले चारचौघांत बोलू तर मुळीच नये. शिक्षक हा उपचारक नव्हे. तेच भय किंवा तीच इजा खेळात पुन्हा पुन्हा येत असेल, अंगावर वळ दिसत असतील, किंवा मूल खाणेपिणे टाकीत असेल, तर मुख्याध्यापकांना तत्काळ कळवून तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.