वैमानिकपदाचा अर्ज : आधी काय पाहावे?

वैमानिकाच्या शिक्षणास लाखो रुपये लागतात; प्रसंगी घरची जमीनही गहाण पडते. म्हणून शिक्षकांनी पालकांस पहिली सूचना द्यावी ती वैद्यकीय तपासणीची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून प्रथम द्वितीय श्रेणीचे व पुढे प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज शुल्क भरू नये. रंगांधळेपणासारखा, एरवी ध्यानातही न येणारा दोष येथे वाट अडवू शकतो.

व्यावसायिक परवान्यासाठी किमान १८ वर्षे वय, लेखी परीक्षा व २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. गोंदियाजवळ बिरसी येथे उड्डाण-प्रशिक्षणाची सोय आहे.

मात्र परवाना म्हणजे नोकरी नव्हे, आणि हे प्रवेशाच्या वेळी सहसा कोणी स्पष्ट करून सांगत नाही. कंपनीची भरती कोणत्या विमानासाठी आहे, हे जाहिरातीत काळजीपूर्वक वाचावे. कारण ‘एअरबस ए-३२०’ चालविण्याचे प्रशिक्षण निराळे, ‘एटीआर’चे निराळे, आणि दोन्ही खर्चिक. अर्जातील उड्डाणाचे तास नोंदवहीशी तंतोतंत जुळावयास हवेत. पुढे लेखी चाचणी, मुलाखत आणि सिम्युलेटरवरील परीक्षा असते. निवड होते ती सहवैमानिक म्हणून. कप्तानास लागणाऱ्या परवान्यासाठी १५०० तास भरावे लागतात.