परसातील कोंबडीपालन : पहिला महिना महत्त्वाचा

कला शाखेच्या वार्षिक अंकात कोंबड्यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न हा विषय निवडल्यावर माझ्या वर्गमित्रांनी मला केला. शेतकी महाविद्यालयाच्या अंकात तो शोभला असता, असेही कोणी म्हणाले. त्यांना माझे उत्तर एवढेच की, खेड्यातून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींचा एस. टी.चा पास आणि वह्या-पुस्तके ज्या लहानसहान मिळकतीतून होतात, तीत अंड्यांचाही वाटा असतो. पिकाचे पैसे वडिलांच्या हाती येतात, तेही वर्षातून एकदा-दोनदा. अंड्यांचे पैसे आईच्या हाती येतात आणि आठवड्याच्या बाजाराला येतात. माझ्या घरी तरी असेच आहे. अर्थशास्त्राच्या ज्या पुस्तकांतून आपण राष्ट्रीय उत्पन्न शिकतो, त्यांत या मिळकतीचा उल्लेख सापडणे कठीण. पण ती आहे, आणि ती कशी टिकते व कशी बुडते हे समजून घेण्यासारखे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : परसातल्या कोंबडीचा नफा-तोटा ती अंडी घालू लागल्यावर ठरत नाही, तो पिल्लाच्या पहिल्या चार आठवड्यांतच ठरून जातो.

जुनी कोंबडी आणि नवी कोंबडी

आपल्या गावठी कोंबडीचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, अंगावरची पिसे फुलवून बसते, जवळ जावे तर गुरगुरते. मग तिला रवणाला बसवायचे. डालग्यात भाताचे काड किंवा तूस घालून तिच्या पोटाखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. अंडी उलटीपालटी करणे, ऊब देणे, पिल्लांना दाणा टिपायला शिकवणे, घार दिसताच पंखाखाली घेणे ही सर्व कामे ती न सांगता करते. मात्र पिल्ले वाढवीत असेपर्यंत ती अंडी घालीत नाही. म्हणूनच वर्षाकाठी तिची अंडी पन्नास-साठाच्या पुढे सहसा जात नाहीत.

अधिक अंडी हवीत म्हणून शास्त्रज्ञांनी परसासाठी सुधारित जाती तयार केल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज व ग्रामप्रिया ही त्यांतील परिचित नावे. वनराज अंडी व मांस दोहोंसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे. परसात मोकळ्या सोडूनही या कोंबड्या वर्षाला शंभराहून अधिक अंडी देतात. ग्रामप्रियेची त्याहूनही जास्त होतात. पिंजऱ्यातील व्हाइट लेगहॉर्न तर वर्षाला तीनशेच्या घरात जाते, पण तिला तयार खाद्य, औषधे व बंदिस्त घर लागते. परसाचे जिणे तिला मानवत नाही.

या सुधारणेची एक किंमत आहे. अधिक अंडी देणारी कोंबडी निवडत जाणे म्हणजे खुडूक न होणारी कोंबडी निवडत जाणे. परिणामी या जाती क्वचितच रवणाला बसतात. त्यांची पिल्ले यंत्रात उबवली जातात आणि एक दिवसाची असताना खोक्यातून आपल्या दारी येतात. हे शक्य होते, कारण अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते व त्यावर दोन दिवस काही न खाता तग धरते. तेवढ्या वेळात ते प्रवास करू शकते. पण येताना आई बरोबर नसते. गावठी कोंबडी जी कामे फुकट करीत होती, ती आता घरच्या माणसांनी करायची असतात, आणि हे बहुधा त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आमच्या वाडीत एका पावसाळ्यात पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात अशी पिल्ले घेतली. शेजारच्या काकूंनी त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले होते. गावठी पिल्ले ठेवतात तशीच त्यांनी ती सारवलेल्या जमिनीवर डालग्याखाली झाकली. आठ दिवसांत निम्म्याहून अधिक गेली. लोक म्हणाले, रोग आला. रोग आलाच नव्हता. रात्रीच्या गारठ्याने पिल्ले एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. पिल्ले गेली, कर्जाचा हप्ता मात्र राहिला.

आईचे काम माणसाने कसे करावे

पहिले काम उबेचे. पिल्लाच्या अंगावर जन्मतः मऊ लव असते, खरी पिसे नसतात, म्हणून त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करीत गेले तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्ले बाहेरच्या हवेला तयार होतात. एका पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब धरावा. म्हणजे वीस पिल्लांना चाळीस वॅटचा एक जुना तारेचा दिवा पुरतो, थंडीत साठचा घ्यावा. आजकाल घरोघरी एलईडी दिवे आहेत. त्यांनी उजेड मिळतो, ऊब मिळत नाही; म्हणून दिवा घेताना हे ध्यानात ठेवावे. दिवा दोरीने फूट-दीड फुटावर टांगावा, म्हणजे खालीवर करता येतो. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. निखाऱ्यांचे मडके ठेवण्याची जुनी रीत आहे, पण बंद खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू कोंडतो आणि पिल्लांबरोबर माणसांनाही धोका होतो.

तापमापक घरात नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर थंडी आहे. दिव्यापासून लांब कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकीत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे पसरून निवांत टिपत, झोपत असतील तर सारे ठीक आहे. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकदा एवढे पाहणे, हे पहिल्या पंधरवड्यातले सर्वांत मोलाचे काम.

दुसरे काम जागेचे. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. वीस पिल्लांना पहिल्या पंधरवड्यास तीन फूट व्यासाचे पुरते, पुढे ते वाढवीत न्यावे. ते गोलच हवे, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात पिल्ले दाटी करून चिरडतात. खाली दोन इंच भाताचे तूस पसरावे. पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरावा, नाहीतर पिल्ले दाणा समजून तूसच खातात. तूस रोज हलवावे, ओले झालेले काढून टाकावे. ओलसर तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि तो रोग पिल्लांना पार बसवतो.

तिसरे काम शिकवण्याचे. कोंबडी दाणा टिपून, आवाज करून पिल्लांना बोलावते. इथे आपण प्रत्येक पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवावी, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळते. पहिल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवावा; प्रवासाचा शीण जातो. आधी पाणी, मग तास-दोन तासांनी भरडलेला मका कागदावर टाकावा. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. त्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास असतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांनी ती गरज भागत नाही. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे ठेवावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

लस : एकट्याने न होणारे काम

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू. तो आला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते, आणि त्यावर उपचार नाही. प्रतिबंध मात्र सोपा आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावा व चौथ्या आठवड्यात पुन्हा द्यावा. दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची आणि सहा-सात आठवड्यांनी देवीची लस असते. आठ आठवड्यांनंतर मानमोडीची टोचून द्यायची लस येते. नेमक्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्याव्यात.

अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी साधारणतः शंभर किंवा अधिक मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्ले असलेल्या एका घराला ती परवडत नाही, म्हणून लसच राहून जाते. यावर तोडगा असा की, पाच घरांनी एकाच दिवशी वीस-वीस पिल्ले आणावीत. मग कुपी एक, थर्मास एक, आणि लस देणारी माणसेही तीच. बचत गट हप्ते गोळा करतो, तसा लसीचा दिवसही त्यानेच ठरवावा. सहकार हा विषय आपण तासाला शिकतो; त्याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली आणि तेव्हा परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. म्हणून एकाच वेळी बरीच पाखरे अचानक मेली तर ती ओढ्यात टाकू नयेत, विकू नयेत, खाऊ नयेत. दवाखान्यास कळवावे व ते सांगतील त्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावीत.

हिशेब

आता आकडे मांडून पाहू. समजा, वीस पिल्ले आणली. नर-मादी न निवडता आणलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात. नीट सांभाळ झाला आणि अठरा जगली, तर नऊ तलंगा मिळतील. प्रत्येकीची वर्षाला १२० अंडी धरली तर १,०८० अंडी होतात. पहिल्या महिन्यात निम्मी गेली तर तलंगा उरतात पाच आणि अंडी ६००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंड्यांची शिफारस केली आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला ९०० अंडी हवीत. पहिल्या हिशेबात घर खाऊन १८० अंडी विक्रीला उरतात. दुसऱ्यात घराचीच ३०० अंड्यांची तूट येते. २०२३-२४ मध्ये देशात माणशी सुमारे १०३ अंडी उपलब्ध होती, हेही येथे लक्षात घ्यावे. अर्थात प्रत्यक्षात घरचे कमी खातात आणि जास्त विकतात. निदान मुलांच्या ताटात रोज अर्धे अंडे पडावे, एवढे तरी या हिशेबातून घडावे.

पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की तलंगा अंडी घालू लागतात. त्यासाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त उबवणीच्या अंड्यांसाठी हवा. रात्री हवा खेळती राहील असे, पण मुंगूस व बोका शिरणार नाही असे खुराडे असावे. चार-पाच कोंबड्यांमागे गवत घातलेली एक टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. कवच मुख्यतः चुन्याचे असल्याने शिंपल्यांचा चुरा द्यावा, म्हणजे अंडी पातळ कवचाची होत नाहीत. दिवसभर किडे, वाळवी, सांडलेले धान्य कोंबडी स्वतः शोधते; संध्याकाळी मूठभर दाणा दिला की ती वेळेवर घरी येते.

राहिली गावठी कोंबडी. ती आता नकोच, असे मी म्हणणार नाही. खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली रात्रीच्या अंधारात एक दिवसाची सुधारित पिल्ले हळूच सरकवली तर बहुतेक वेळा सकाळी ती त्यांना आपलीच मानते. दहा-बारा पिल्ले तरी अशी सांभाळली जातात, आणि तेवढ्यांसाठी दिवाही लागत नाही. सुधारित कोंबडी अंड्यांसाठी आणि गावठी कोंबडी आईपणासाठी, अशी दोन्हींची सांगड आमच्या परसात बसली आहे. ज्या मित्रांच्या घरी खुराडे आहे, त्यांनी या सुट्टीत आईजवळ बसून एवढे करावे : कोणत्या तारखेला किती पिल्ले आणली, चौथ्या आठवड्याला किती उरली, आणि लस कधी दिली, हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी पिल्ले आणताना ती वही उपयोगी पडेल.