दोन अंगठ्या आणि एक निकाहनामा



गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ इशाच्या नमाजनंतर मशिदीत थांबून राहिले. त्यांच्या मुलीची मंगनी झाली होती आणि वरपक्षाने तिला सोन्याची अंगठी घातली होती. आता निकाहच्या दिवशी जावयाला तिच्या जोडीची अंगठी द्यावी लागणार, म्हणून त्यांनी मुकादमाकडून येत्या हंगामाची उचल घेण्याचे ठरविले होते. त्यांनी मला विचारले, "मौलाना, किती ग्रॅमची घेतली म्हणजे लोक नावे ठेवणार नाहीत?"

उचल म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. अंगठी एका दिवसात बोटात जाते. तिची फेड मात्र नवरा-बायको दोघांना उसाच्या फडात महिनोन्महिने कोयता चालवून करावी लागते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर ग्रॅममध्ये न देता शरीअतच्या प्रकाशात शोधू या.

अंगठी निकाहचा भाग आहे काय?

नाही. दोन साक्षीदारांसमोर ईजाब व कबूल झाले की निकाह होतो, आणि महर हा पत्नीचा हक्क ठरतो. अंगठ्यांची अदलाबदल यात कोठेही नाही. मंगनी हे केवळ वचन आहे. त्याने मुलगा व मुलगी एकमेकांसाठी महरम होत नाहीत. म्हणून मंगनीची अंगठी मुलाने स्वतः न घालता त्याच्या आईने अथवा बहिणीने घालावी.

भेट म्हणून अंगठी देण्यास हरकत नाही. परंतु तिच्यावाचून निकाह अपुरा मानणे, ती बोटातून निघाली तर संसारावर संकट येईल असे समजणे, किंवा तिच्यासाठी एखाद्या बापाला कर्जात ढकलणे, याला दीनमध्ये आधार नाही.

वराची अंगठी

पुरुषांसाठी सोने हराम आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका व्यक्तीच्या हातातील सोन्याची अंगठी काढून फेकून दिली आणि ती धारण करणे म्हणजे हातात निखारा घेणे होय, असे बजावले. हे ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनातून सहीह मुस्लिममध्ये आले आहे. नंतर लोकांनी त्या व्यक्तीला सुचविले की, ती उचलून अन्य उपयोगात आणावी. पण प्रेषितांनी फेकलेली वस्तू आपण पुन्हा घेणार नाही, असे त्याने सांगितले. आणि आपण मात्र तीच वस्तू 'जोडी जुळावी' म्हणून जावयाच्या बोटात घालतो! दुकानात मिळणारे 'व्हाइट गोल्ड' हेही सोनेच आहे. इतर धातू मिसळून त्याचा रंग पांढरा केलेला असतो. त्यालाही हाच हुकूम लागू होतो.

पुरुषाला चांदीची अंगठी घालता येते. हनफी फिकहनुसार तिचे वजन एका मिस्कालपेक्षा, म्हणजे 4.374 ग्रॅमपेक्षा, कमी असावे. ती करंगळीत घालावी; मधल्या बोटात व तर्जनीत घालण्याची मनाई ह. अली (रजि.) यांच्या कथनात आली आहे. अशा अंगठीसाठी कोणाला मुकादमाचे दार ठोठवावे लागत नाही.

वधूची जोडी

स्त्रियांसाठी सोने हलाल आहे. मंगनीच्या अंगठीसोबत निकाहची अंगठी घ्यावयाची असल्यास काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही एकाच बोटात राहणार असतील तर दोन्ही एकाच कॅरेटच्या असाव्यात. 18 कॅरेटचे सोने 22 कॅरेटपेक्षा कठीण असते. सततच्या घर्षणाने मऊ अंगठी झिजते. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 आणि 18 कॅरेटच्या दागिन्यावर 750 हा अंक असतो. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांकही पाहावा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो आवश्यक आहे. खडा असल्यास सोन्याचे वजन व खड्याचे वजन बिलात वेगवेगळे लिहून घ्यावे. कणीक मळणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या हाताला उंच खड्याची अंगठी अडते. तेथे साधे वळेच बरे.

याहून महत्त्वाची गोष्ट वुजूची आहे. अंगठी घट्ट असेल तर ती हलवून तिच्याखाली पाणी पोहोचविणे आवश्यक आहे. दोन अंगठ्या चिकटून बसल्या तर मधल्या फटीत कणीक वाळून राहते आणि तेवढी जागा कोरडी राहू शकते. म्हणून जोडी अशी घ्यावी, जी सहज फिरेल व सहज निघेल. उन्हाळ्यात बोटे किंचित फुगतात. माप देताना तेही लक्षात घ्यावे.

ती अंगठी कोणाची?

आपल्या घरांतील बहुतेक वाद याच प्रश्नातून उद्भवतात. घालताना कोणी काही बोलत नाही. नाते तुटताना मात्र प्रत्येकजण बोलतो. अंगठी महर म्हणून दिली असेल तर ती पत्नीचा हक्क आहे. कुरआनने सूरह निसामध्ये महर खुशीने देण्याचा आदेश दिला आहे आणि दिलेली संपत्ती, ती कितीही मोठी असो, परत हिसकावून घेण्यास मनाई केली आहे. मंगनी मोडली आणि निकाह झालाच नाही, तर महर म्हणून आगाऊ दिलेली वस्तू परत करावी लागते. केवळ भेट म्हणून दिलेल्या वस्तूविषयी हनफी मत असे की, ती तशीच शिल्लक असेल तर मागता येते. वापरून संपली असेल तर नाही. कोकणातील शाफई बांधवांनी या तपशिलांबाबत आपल्या आलिमांना विचारावे. मालकी निश्चित झाली म्हणजे त्या सोन्याची जकात कोणाच्या हिशेबात धरावयाची, हेही स्पष्ट होते.

अरबीत 'खातम' म्हणजे अंगठी आणि शिक्काही. आपल्या मराठीतही 'मुद्रा' आणि 'मुद्रिका' हे शब्द सख्ख्या बहिणी आहेत. प्रेषितांनी (स.) चांदीची अंगठी करवून घेतली ती राजांना पाठवावयाच्या पत्रांवर शिक्का उमटविण्यासाठी, शिक्क्याविना आलेले पत्र ते राजे स्वीकारीत नसत. म्हणजे त्या अंगठीची शोभा सोन्यात नव्हती, लिहिलेल्या शब्दाला विश्वास देण्यात होती. आपणही हेच करावे. निकाहची अंगठी महरमध्ये द्यावी आणि निकाहनाम्यात तिचे वजन व कॅरेट नोंदवून घ्यावे. हनफी मतानुसार महर 10 दिरहमांपेक्षा, म्हणजे 30.618 ग्रॅम चांदीच्या किमतीपेक्षा, कमी नसावा, हेही पाहावे.

त्या गृहस्थांसोबत मी वराच्या घरी गेलो. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मौलाना, मी सोने मागितलेच नव्हते. मला कोणी विचारलेच नाही." त्याची आईही म्हणाली, "आम्हाला वाटले, द्यायची पद्धत आहे." मागणी कोणाचीच नव्हती; ती केवळ रूढीची होती. निकाहच्या दिवशी त्याच्या करंगळीत चांदीची अंगठी होती, आणि मुलीच्या दुसऱ्या अंगठीचे वजन महरच्या रकान्यात मी स्वतः लिहिले.

वाचकहो, आपल्या घरी असा प्रसंग येईल तेव्हा सराफाच्या पेढीवर जाण्यापूर्वी समोरच्या घरी जा आणि विचारा. बहुधा तेही आपल्या विचारण्याचीच वाट पाहत असतील. अल्लाह आपणा सर्वांना निकाह सोपा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.