आजारी माशांचे औषध कोण खाते?

एका साध्या हिशेबाने सुरुवात करू. मी भौतिकशास्त्र शिकवणारा. जीवशास्त्राच्या अंगणात पाऊल टाकताना हाताशी गणित असले म्हणजे मला धीर येतो.

समजा, एक जीवाणू दर २० मिनिटांनी दुभंगतो व एकाचे दोन होतात. दहा तासांत त्याची ३० वेळा दुप्पट होईल. २ चा तिसावा घात काढून पाहा; उत्तर सुमारे १०७ कोटी येईल. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल उतरवली जाते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. पण समजा, दहा कोटींत एखादी चूक अशी झाली की तिच्यामुळे एखादे औषध त्या जीवाणूवर चालेनासे झाले. तर आपल्या १०७ कोटींत असे निदान दहाएक जीवाणू सापडतील, आणि तेही औषधाचा थेंबही न देता! औषध दिले की बाकीचे मरतात व सगळे अन्न, सगळी जागा या दहांना मोकळी मिळते. औषधाने त्यांना प्रतिकार शिकवला नाही; त्यांना फक्त निवडून काढले. उत्तरपत्रिकांत हा फरक हमखास चुकतो, म्हणून नीट ध्यानात ठेवा.

आता नॉर्वे देशाकडे वळू. तेथील समुद्राच्या लांबच लांब, खोल खाड्यांत जाळ्यांचे मोठाले पिंजरे सोडून सॅमन मासे वाढवतात. (आपल्याकडील रावसाला इंग्रजीत ‘भारतीय सॅमन’ म्हणतात खरे, पण तो या कुळातला नव्हे.) एका पिंजऱ्यात हजारो मासे दाटीवाटीने राहतात. एकाला रोग झाला की तो पाण्यातून सर्वांना गाठतो. १९८० नंतर तेथे थंड पाण्यात पसरणाऱ्या व्हिब्रिओ जातीच्या जीवाणूने उच्छाद मांडला. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिलांबरोबर फुरंक्युलोसिस हा अंगावर गळवे आणणारा रोगही आला. १९८७ साली नॉर्वेतील मत्स्यशेतीत सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. त्या वर्षीचे माशांचे उत्पादन होते सुमारे ५० हजार टन. भागाकार तुम्हीच करा: एक किलो माशामागे एक ग्रॅम औषध!

पण हे औषध जाते कोठे? हजारो माशांना एकेक करून औषध पाजता येत नाही. ते खाद्याच्या गोळ्यांत मिसळून पाण्यात टाकावे लागते. येथेच खरी मेख आहे. तुम्हाला ताप आला की जेवण जात नाही ना? माशांचेही तसेच आहे. ज्याला औषध हवे तो आजारी मासा खातच नाही, आणि ज्याला नको तो धट्टाकट्टा मासा ते चापून खातो. त्यातही ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखे औषध समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी जखडले जाते आणि माशाच्या आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते. उरलेले विष्ठेतून बाहेर पडते. न खाल्लेल्या गोळ्यांसह ते पिंजऱ्याखालच्या गाळात साचते आणि तेथे महिनोन्‌महिने टिकते. नॉर्वेतील संशोधकांना अशा गाळात औषधाला दाद न देणारे जीवाणू सापडले. पिंजऱ्याभोवती फिरणाऱ्या रानटी माशांतही औषध आढळले. म्हणजे रोग पिंजऱ्यात, आणि निवड मात्र सगळ्या खाडीभर!

गाळातले बहुतेक जीवाणू बिचारे निरुपद्रवी असतात. मग ते औषधाला पुरून उरले तर आपले काय बिघडले? एका वर्गात मला हा प्रश्न विचारला गेला, आणि प्रश्न रास्त होता. माझ्या वरच्या हिशेबात प्रतिकार आईकडून लेकीकडे जातो, एवढेच धरले आहे. प्रत्यक्षात जीवाणू तो शेजाऱ्यालाही देतात. पुष्कळ जीवाणूंत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहानशी कडी असते. तिला प्लास्मिड म्हणतात. दोन जीवाणू एकमेकांना चिकटले की कडीची नक्कल एकातून दुसऱ्यात जाते. दुसरा त्याच जातीचा असायला हवा असेही नाही. या कडीवर कधी कधी एक पंप तयार करण्याची कृती लिहिलेली असते. होडीत शिरलेले पाणी उपसावे तसा तो पंप पेशीत शिरलेले टेट्रासायक्लीन बाहेर फेकत राहतो.

पाण्यातील जनुके दवाखान्यातील जीवाणूंपर्यंत खरोखर पोहोचतात काय? क्विनोलोन गटातील औषधांचा मारा बोथट करणारे एक जनुक अमेरिकेतील एका रुग्णाच्या जीवाणूत प्लास्मिडवर बसलेले आढळले. ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ घर २००५ साली सापडले: शेवानेला अल्गी हा समुद्राच्या पाण्यात राहणारा जीवाणू. हे जनुक मत्स्यशेतीतूनच आले असे यावरून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणण्याची घाई करू नये. समुद्रापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत वाट आहे, एवढे मात्र कळते.

नॉर्वेने यातून मार्ग काढला तो लसीचा. मेलेले रोगजीवाणू तेलात मिसळून पिलाच्या पोटात टोचायचे. तेलामुळे लस हळूहळू पाझरते आणि परिणाम दीर्घकाळ टिकतो. गोड्या पाण्यात वाढवलेले पिलू समुद्रात सोडण्यापूर्वी गुंगी देऊन त्याला ही सुई टोचतात. होय, प्रत्येक पिलाला! प्रथम ऐकले तेव्हा मला हा प्रकार हास्यास्पद वाटला होता. पण लस थेट त्या माशाच्याच अंगात जाते, गाळात जात नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांतच औषधांचा खप एक टनाच्या आसपास उतरला. आज तेथे १० लाख टनांहून जास्त सॅमन पिकतो आणि प्रतिजैविके वर्षाला एक टनाहूनही कमी लागतात. पुन्हा भागाकार करा: किलोमागे एक मिलिग्रॅमहून कमी.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशातही हाच सॅमन वाढवतात. तेथील मुख्य शत्रू पिसिरिकेट्सिया नावाचा जीवाणू. तो माशाच्या पेशींच्या आत दडून बसतो आणि लसीने जागवलेल्या प्रतिकारशक्तीच्या हाती सहजी लागत नाही. २०१४ साली चिलीतील मत्स्यशेतीत ५०० टनांहून अधिक प्रतिजैविके खपली. पुढे आकडा उतरला, तरी तो शेकडो टनांतच राहिला. या जीवाणूवर दीर्घकाळ टिकणारी लस तेथील शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.