परदेशी शिक्षणाची तयारी पहिलीच्या रजिस्टरपासून



दोन वर्षांपूर्वी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचे पालक शाळेत आले. "सर, पोरगी बाहेरदेशात शिकाले जातो म्हणते. माह्या बापाचा दाखल-खारीजचा उतारा पाह्यजे." जुनं रजिस्टर काढलं. आजोबांचं नाव सापडलं, पण जातीचा रकाना कोरा! दुसरे पुरावे शोधण्यात, जात पडताळणीत महिने गेले आणि त्या वर्षीची शिष्यवृत्तीची मुदत निघून गेली. मुलगी हुशार होती, प्रवेशही मिळाला होता. अडलं ते कागदावर. म्हणून हा लेख.

१) पैशाचं नियोजन : बाबासाहेबांचं उदाहरण

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडनला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून परतावं लागलं. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून बचत केली. राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

यात शिष्यवृत्ती आहे, बचत आहे, मदत आहे आणि कर्जही आहे. आजही एकाच वाटेनं सगळा खर्च भागेल असं धरून चालू नये.

२) आज पैसा कुठून येतो?

* राज्य शासन : अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि आदिवासी मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत. अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा.
* केंद्र शासन : नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलं येतात.
* शैक्षणिक कर्ज : मोठ्या रकमेला बँक सहसा तारण मागते. घर, प्लॉट, एफडी चालते. शेतीवर बऱ्याच बँका तयार नसतात. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, हे सही करण्याआधी समजून घ्या.
* कमी फीचे देश : जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे दहा लाखांहून जास्त रुपये आधी खात्यात दाखवावे लागतात. फी नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हे.

पासपोर्ट, आयईएलटीएस परीक्षा, विद्यापीठांची अर्ज फी हा खर्च तर शिष्यवृत्ती मिळण्याआधीच घरातून करावा लागतो. तेवढी रक्कम वेगळी ठेवा.

३) कधी काय करायचं?

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर दीड वर्ष आधी कामाला लागावं. प्रथम पासपोर्ट आणि जात पडताळणी. मग आयईएलटीएस, तिचा निकाल दोन वर्षं चालतो. आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विद्यापीठांना अर्ज. सरकारी शिष्यवृत्तीला सहसा विनाअट प्रवेशपत्र लागतं, म्हणून ते वेळेत हाती हवं. उत्पन्नाचा दाखला त्या वर्षाचा लागतो. तहसीलला शेवटच्या दिवशी धावू नका.

४) यात आपलं काम काय?

प्राथमिक शिक्षकाला वाटतं, परदेशाचा अन् आपला काय संबंध? पण मुलाचं नाव, जन्मतारीख, जात पहिल्यांदा लिहितो ते आपणच. विमुक्त-भटक्यांच्या पडताळणीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानतात. तो पुष्कळदा कुठल्यातरी गुरुजींच्या हातची एक ओळ असतो.

म्हणून पहिलीचा प्रवेश करताना जन्मदाखला आणि आधार समोर ठेवूनच नोंद करा. एकही रकाना कोरा सोडू नका. इंग्रजी स्पेलिंग पालकांना वाचून दाखवा. आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं असलं की पुढं पासपोर्ट अडतो. जुनी रजिस्टरं वाळवीपासून जपा.

पालकांनो, मूल चौथी-पाचवीत असतानाच आजोबांचा उतारा काढून ठेवा. मूल परदेशी जावो की अमरावतीला, तो कागद कामी येणारच आहे.