वळू निवडताना दुधाबरोबर कासही पाहा

पावसाळा लागला की दूध संकलन केंद्रावर एक तक्रार हमखास ऐकू येते: चारा तोच, पेंड तीच, तरी एसएनएफ (दुधातले स्निग्धेतर घन घटक) ८.५ च्या खाली का? बहुतेक जण दोष कोवळ्या, पाणचट चाऱ्याला देतात. कधी तो खराही असतो. पण बऱ्याच गोठ्यांत दुखणे कासेत असते. सुप्त कासदाहात दुधातली शर्करा आणि केसीन घटते, क्षार वाढतात, दूध किंचित खारट लागते. कास सुजत नाही, दुधात गाठी दिसत नाहीत, गाय वैरण खात असते. त्यामुळे डॉक्टरांना कुणी बोलावत नाही आणि तोटा रोज होत राहतो.

तोट्याचा हिशेब

निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात साधारण एक लाखापर्यंत दैहिक पेशी असतात. हा आकडा दोन लाखांपलीकडे गेला की संसर्ग आहे असे धरतात. दुसऱ्या वेतापासून पुढच्या गाईंत पेशी दुप्पट झाल्या की दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध कमी होते. एक लाखाचे आठ लाख होणे म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे दीड लिटरची घट. दर ३० रुपये धरला तर दिवसाला ४५ रुपये आणि ३०० दिवसांच्या वेतात १३,५०० रुपये. एसएनएफची कपात यात धरलेली नाही. पुढे उघड कासदाह, म्हणजे दगडी झाली तर औषध, फी, प्रतिजैविकाचा अंश असेपर्यंत विकता न येणारे दूध आणि कधी कायमचा बाद झालेला सड, हे सगळे त्यावर.

आनुवंशिकता किती?

पेशींच्या संख्येत गाई-गाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण १० ते १५ टक्के असतो. उरलेले सगळे गोठा, धार काढणारे हात आणि निगा यांच्यावर. म्हणून एका गाईला चिखलात एकदा दगडी झाली की तिच्या वंशाला नावे ठेवू नयेत. मात्र एकाच वळूच्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत वारंवार दुखत असतील, तर तो वळू तपासायला हवा.

हा वाटा लहान असला तरी तो पिढीगणिक साठत जातो, आणि दोन्ही बाजूंनी साठतो. जास्त दूध आणि कासदाहाचा धोका यांत आनुवंशिक नाते आहे. नुसत्या दुधावर वळू निवडत गेलो की कालवडींना दुधासोबत तो धोकाही मिळतो. नॉर्वेने हे लवकर ओळखले. तिथे १९७८ पासून वळूच्या निवडीत त्याच्या मुलींना झालेल्या कासदाहाची नोंद धरली जाते.

कासेची ठेवण पेशींच्या संख्येहून जास्त प्रमाणात वंशातून येते, त्यामुळे तिच्यात सुधारणा लवकर दिसते. कासेचा तळ मागच्या पायाच्या ढोपराच्या वर असावा, पुढची कास पोटाला घट्ट चिकटलेली असावी, मधली खाच स्पष्ट दिसावी, सड मध्यम लांबीचे आणि सारखे असावेत. लोंबती कास चिखलाला टेकते, तुडवली जाते, मशीनचे कपही नीट बसत नाहीत.

रेतमात्रा घेताना

आयात वळूंच्या कॅटलॉगमध्ये पेशींचा गुणांक दिलेला असतो. तीन म्हणजे एक लाख पेशी, चार म्हणजे दोन लाख. आकडा जितका कमी तितके चांगले. त्याच्या शेजारी कासेच्या ठेवणीचे गुण असतात, तेही पाहा. देशी किंवा संकरित वळूबाबत हे आकडे मिळाले नाहीत, तर वळूच्या आईची कास कशी होती, त्याच्या मुली कुठे दुभत्या आहेत, हे विचारा. रेतनानंतर गाईच्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकासमोर वळूचा क्रमांक लिहून ठेवा आणि कोणत्या सडाला केव्हा दगडी झाली, तेही त्याच वहीत लिहा.

या हंगामात

• दर पंधरा दिवसांनी प्रत्येक सड तपासा. अर्धा लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगळे घ्या, तेवढेच द्रावण टाकून मिनिटभर फिरवा. मिश्रण चिकट, शेंबडासारखे झाले तर त्या सडात संसर्ग आहे.

• धार काढण्यापूर्वी सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करा. प्रत्येक गाईला वेगळे फडके वापरा. पहिल्या धारा जमिनीवर न सोडता काळ्या कपात घेऊन पाहा.

• आधी पहिलारू, मग निरोगी आणि शेवटी दुखणाईत गाईची धार काढा.

• धार संपताच सड आयोडीनच्या सडद्रावणात बुडवा. सडाचे तोंड मिटायला अर्धा ते दोन तास लागतात, म्हणून लगेच गव्हाणीत चारा टाका. गाय उभी राहील, ओल्या जमिनीवर बसणार नाही.

• विण्याआधी ६० दिवस गाय आटवा. आटवताना सडात कोणती ट्यूब सोडायची ते डॉक्टरांना विचारा. अर्धवट औषध करून मध्येच थांबू नका.

एकाच वेतात एकाच सडाला तीनदा दगडी झाली आणि हाताला कडक गाठ लागत असेल, तर ती गाय ठेवायची की काढायची याचा विचार करा. तिची कालवड वाढवणार असाल तर तिला कासेचे गुण चांगले असलेल्या वळूचेच रेतन द्या. गोठ्यातली निगा याच वेतात पैसे वाचवते. वळूची निवड मात्र कालवड विऊन दुभती झाल्यावर, म्हणजे तीन-साडेतीन वर्षांनी फळते. म्हणून पुढच्या वेळी गाय माजावर आली की रेतन करणाऱ्याला वळूच्या मुली दूध किती देतात हे विचाराच, आणि त्यांची कास कशी आहे हेही विचारा.